नुनवर पहिलं पाऊल ठेवणारी क्लोद कोगाँ

कारगिलहून सांकूमार्गे पदुमच्या रस्त्याला लागलं की पानिखारच्या आसपास नुन आणि कुन ही जोडशिखरं डोकं वर काढतात. नुन ७,१३५ मीटर, कुन ७,०७७. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांना ही जोडी चांगली ओळखीची आहे. सह्याद्रीतल्या कातळावर हात बसला, उत्तरकाशी किंवा मनालीचा बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स झाला, एखाददुसरं सहाहजारी शिखर पदरात पडलं, की क्लबात पुढच्या सातहजारीची चर्चा सुरू होते आणि त्यात नुनचं नाव हमखास निघतं. मोहिमेच्या पत्रकात इतिहासाला बहुधा एकच ओळ मिळते : पहिली चढाई १९५३, फ्रेंच चमू.

चमू काही माथ्यावर जात नसतो, माणसं जातात. २८ ऑगस्ट १९५३ रोजी नुनच्या माथ्यावर दोनच माणसं पोचली. एक पिएर व्हितोझ, लडाखमध्ये मोरावियन मिशनचं काम करणारा स्विस मिशनरी. दुसरी क्लोद कोगाँ, फ्रान्समधल्या नीस शहरात पोहण्याच्या कपड्यांचा व्यवसाय करणारी, जेमतेम पाच फुटांची, चौतीस वर्षांची बाई. त्याआधी या शिखरावर कुणीही माणूस गेलेला नव्हता. भारतात, आपल्या रोजच्या माहितीतल्या शिखरावर, पहिल्यांदा पोचलेल्या दोघांत एक बाई होती. ही गोष्ट आपल्याकडे अगदी डोंगरवेड्या माणसांनाही ठाऊक नसते याचं मला नेहमी नवल वाटतं.

क्लोदचं नाव कुठे आलंच तर ते तिच्या मृत्यूच्या संदर्भात येतं. १९५९ मध्ये नेपाळ-तिबेट सीमेवरच्या चो ओयू या आठहजारी शिखरावर गेलेल्या बायकांच्या मोहिमेची ती प्रमुख होती आणि तिथेच गेली. त्या एका आठवड्याने तिच्या आधीच्या सगळ्या कामावर पडदा टाकला. ते काम काय होतं आणि ते कुठल्या परंपरेतून आलं, हे सांगायचं तर सुरुवात पुन्हा नुन-कुनच्याच परिसरातून करावी लागते, कारण उंचीवर जाणाऱ्या बायकांचा हिमालयातला एक मोठा अध्याय तिथेच घडलेला आहे.

फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकन बाई १९०६ मध्ये नवरा विल्यम हंटर वर्कमन याच्यासोबत नुन-कुनच्या भागात आली. त्याआधी हे जोडपं सायकलवरून सिलोन आणि हिंदुस्थान पालथं घालून गेलं होतं. दक्षिणेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत देवळं बघत, धर्मशाळांत आणि डाक बंगल्यांत मुक्काम करत हजारो मैल सायकल मारायची, तीही घोळदार स्कर्ट घालून, हे प्रकरण साधं नव्हतंच. १९०६ मध्ये नुन-कुनच्या समूहातल्या पिनॅकल पीकवर फॅनी चढली. तिने सांगितलेली उंची सात हजारांच्या वर होती, पुढच्या मोजणीत ती ६,९३० मीटर निघाली. तरीही तेव्हा बायकांमध्ये हा उंचीचा विक्रमच होता. फॅनी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती.

ही बाई भांडकुदळही होती, आणि ते सांगितल्याशिवाय तिची ओळख पुरी होत नाही. दोनच वर्षांनी अ‍ॅनी पेक या दुसऱ्या अमेरिकन बाईने पेरूमधल्या हुआस्करानच्या उत्तर शिखरावर चढून त्याची उंची फुगवून सांगितली आणि विक्रम आपल्या नावावर लावू पाहिला. फॅनीने स्वतःच्या खिशातले सुमारे तेरा हजार डॉलर घालून फ्रेंच सर्वेक्षक पेरूला धाडले आणि शिखर मोजून घेतलं. पेकचं शिखर कमी भरलं. १९१२ मध्ये सियाचेनच्या पठारावर, एकवीस हजार फुटांच्या आसपास, ‘बायकांना मताधिकार हवा’ असं सांगणारं वर्तमानपत्र हातात उघडं धरून तिने काढून घेतलेला फोटो आजही छापला जातो. याच बाईने बाल्टी आणि काश्मिरी हमालांबद्दल पुस्तकांत जे लिहिलंय ते वाचताना मात्र मान खाली जाते. गोऱ्या बाईच्या हक्काची भाषा तिच्या मागून ओझं वाहणाऱ्या माणसापर्यंत पोचलेली नव्हती.

फॅनीनंतरचं मोठं नाव हेट्टी डिहरेनफर्थचं. १९३४ मध्ये नवरा ग्युंटर डिहरेनफर्थच्या काराकोरम मोहिमेत ती सिया कांग्रीच्या पश्चिम शिखरावर, ७,२७३ मीटरवर गेली. पुढची वीस वर्षं त्याहून उंच बाई गेली नाही.

या दोघींमध्ये एक साम्य आहे : दोघीही नवऱ्यासोबत मोहिमेत होत्या. पैसा, ओळखी, परवानग्या सगळं त्या जोडीतून यायचं. क्लबांची दारं बंदच होती. लंडनच्या अल्पाइन क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला १९७० चं दशक उजाडू दिलं. तोवर लिझी ल ब्लाँ या बाईच्या अध्यक्षतेखाली १९०७ मध्ये निघालेला लेडीज अल्पाइन क्लब वेगळा संसार मांडून होता. स्विस अल्पाइन क्लबाने १९०७ मध्ये बायकांना बाहेर ठेवलं आणि पुन्हा आत घ्यायला १९८० चा सुमार उजाडला. डोंगरात जायला क्लबाची पावती लागत नाही हे खरं. पण मोहिमेसाठी निधी, नकाशे, अनुभवी साथीदार आणि वर्तमानपत्रातला रकाना, हे सगळं क्लबातूनच वाहत असे.

दुसरी अडचण दोराची, म्हणजे एकाच दोराला बांधून एकत्र चढणाऱ्या जोडीची. पुरुषासोबत बाई चढली की लोक म्हणायचे, त्याने ओढून नेली. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीला काही बायकांनी ठरवून फक्त बायकांचा दोर बांधायला सुरुवात केली. १९२९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन मिरियम ओब्रायन आणि फ्रेंच अलिस दामेम या दोघी शामोनीजवळचा ग्रेपाँ हा नामांकित कातळसुळका पुरुषाशिवाय चढून आल्या. त्या संध्याकाळी एतिएन ब्रुल या गिर्यारोहकाने जी खंत केली ती अजून सांगितली जाते. ग्रेपाँ आता संपला, म्हणे. दगड तिथेच आहेत, पण दोन बायका चढून गेल्यावर त्या सुळक्याकडे कुठला स्वाभिमानी पुरुष वळणार? अर्धी चेष्टा, अर्धं दुखणं.

क्लोद या वळणावर आली. जन्म १९१९ चा, पॅरिसचा, माहेरचं आडनाव त्रुये. घरची श्रीमंती नाही, हाताला शिवणकाम. जर्मनांनी फ्रान्सचा ताबा घेतला त्या काळात ती दक्षिणेला नीसला गेली. तिथे जॉर्ज कोगाँ भेटला. तो गिर्यारोहक, तीही. समुद्रकाठचं गाव, पण पाठीशी आल्प्स सुरू होतात, त्यामुळे सुट्टीचा दिवस कातळावर जायचा. फॅनी वर्कमनला वारशात पैसा मिळालेला होता, हेट्टी सधन घरातली होती. क्लोदची प्रत्येक मोहीम धंद्यातून वेळ आणि पैसा काढून झालेली आहे. गिर्यारोहणाच्या इतिहासात हा फरक फार कमी नोंदला जातो. आपल्याकडे नोकरीतली रजा साठवून आणि घरून उसने घेऊन मोहिमेला जाणाऱ्यांना तो लगेच कळेल.

१९५१ मध्ये कोगाँ नवरा-बायको फ्रेंच आणि बेल्जियन गिर्यारोहकांच्या मोहिमेतून पेरूला गेली. पुरुषांचा दोर अल्पामायोकडे वळला. क्लोद आणि निकोल लेनँजे या दोघींनी मिळून शेजारचं कितारहू, सहा हजार मीटरच्या थोडं वरचं शिखर, सर केलं. त्या दोरावर पुरुष नव्हता. ग्रेपाँवर सुरू झालेली गोष्ट अशी सहा हजारांपर्यंत पोचली.

त्याच वर्षी जॉर्ज वारला.

इथे गोष्ट थांबली असती तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. नवऱ्यासोबत डोंगरात गेलेली आणि नवऱ्यासोबतच डोंगर सोडलेली बाई ही ओळखीची कथा आहे. क्लोदने पुढच्याच वर्षी पुन्हा पेरू गाठला आणि फ्रेंच-अमेरिकन चमूबरोबर साल्कांताय, ६,२७१ मीटर, या शिखराच्या पहिल्या चढाईत भाग घेतला. तिथला साथीदार बर्नार पिएर आता हिमालयाचा बेत आखत होता. त्या बेतात क्लोद होती, कुणाची बायको म्हणून नव्हे तर चमूतली चांगली चढणारी म्हणून.

नुनकडे आधीच बऱ्याच जणांचं लक्ष होतं. काश्मीरमधला मिशनरी डॉक्टर आर्थर नीव्ह विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या भागात फिरत होता. कुनवर १९१३ मध्येच मारियो पिआचेन्झाच्या इटालियन मोहिमेने झेंडा लावला. नुन मात्र राहिला. १९३४ आणि १९४६ मध्ये ब्रिटिश येऊन गेले, माथा लागला नाही. मग फाळणी, काश्मीरचं युद्ध, युद्धबंदी रेषा. सुरू खोऱ्यापासून ती रेषा लांब नाही, त्यामुळे १९५३ मध्ये परदेशी मोहिमेला तिथे शिरायचं तर भारत सरकारची मर्जी सांभाळावी लागे. या मोहिमेत दोन भारतीय अधिकारी होते, हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट नलनी जयाल आणि सैन्यातले कॅप्टन के. सी. जोहोरी. शेर्पांचा सरदार होता आंग थारके, तीनच वर्षांपूर्वी अन्नपूर्णेवर फ्रेंचांबरोबर असलेला आणि त्या काळच्या शेर्पांमध्ये सगळ्यात मानाचा माणूस.

चढाई पश्चिम धारेने झाली. आज नुनवर जाणाऱ्या बहुतेक मोहिमा तांगोलहून याच बाजूला येतात. धार म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्यासारखी दोन्हीकडे दरी असलेली निमुळती वाट, पण इथे कातळाऐवजी घट्ट बर्फ. पायाला क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे काटे, हातात बर्फाची कुऱ्हाड, आणि दोघांच्या मध्ये एक दोर. फिक्स दोरांची ओळ लावून मागून सगळ्यांनी जुमारने, म्हणजे दोराला पकड घेत वर सरकणाऱ्या साधनाने, चढायचं हे तंत्र अजून आलेलं नव्हतं. पुढच्याचा पाय घसरला तर मागच्याने जागच्या जागी कुऱ्हाड रोवून धरायचं, एवढाच विमा. मोहीमप्रमुख बर्नार पिएरला माथा मिळाला नाही. शेवटच्या टप्प्यावर दोर दोघांचाच उरला, क्लोद आणि व्हितोझ. सात हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. तिथे दोघांच्या दोरावर कुणी कुणाला ओढत नाही. व्हितोझने तिला वर नेलं असं म्हणायचं असेल तर तिनेही त्याला वर नेलं असंच म्हणावं लागेल.

आता ते वर्ष बघा. २९ मे १९५३, एव्हरेस्ट. ३ जुलै, नांगा पर्वत, हेरमान बुल एकटा. ऑगस्टमध्ये केटूवर अमेरिकन चमू वादळात अडकून मरणाच्या दारातून परत आला. वर्तमानपत्रांची डोंगरासाठीची जागा ऑगस्ट संपेपर्यंत भरून गेली होती. आठ हजारांच्या खालचं शिखर, तेही एव्हरेस्टच्या वर्षात, कोण छापणार? आठहजारी चौदा शिखरांच्या यादीने गिर्यारोहणाच्या स्मरणशक्तीचं जे नुकसान केलंय त्याचा नुन हा चांगला नमुना आहे. आकडा ८,००० च्या खाली असला की चढाई कितीही देखणी असो, ती तळटीपेत जाते.

पुढच्या वर्षी क्लोद फ्रेंच-स्विस मोहिमेतून नेपाळात गेली. सोबत रेमाँ लाँबेर होता, बोटं हिमदंशात गमावूनही १९५२ मध्ये तेनसिंग नोर्गेंबरोबर एव्हरेस्टवर ८,५९५ मीटरपर्यंत जाऊन आलेला. लक्ष्य गौरीशंकर होतं, ते अवघड निघालं म्हणून त्यांनी मोर्चा चो ओयूकडे वळवला. तिथे हर्बर्ट टिचीचा अगदी लहानसा ऑस्ट्रियन चमू आधीच होता आणि टिचीचे हात हिमदंशाने सुजलेले होते. दोन्ही चमूंत कुणी आधी जायचं यावरून ताणाताणी झाली. टिची हटला नाही. १९ ऑक्टोबर १९५४ रोजी तो, सेप योख्लर आणि पासांग दावा लामा माथ्यावर पोचले. मग लाँबेर आणि क्लोद निघाले. वारा आणि थंडी इतकी की ७,७०० मीटरच्या आसपासून त्यांना परतावं लागलं. शिखर हुकलं, पण हेट्टी डिहरेनफर्थची वीस वर्षांची रेषा ओलांडली गेली. त्या मोहिमेवर लाँबेर आणि क्लोदने मिळून पुस्तकही लिहिलं.

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये नेपाळातच गणेश हिमालमधलं सगळ्यात उंच शिखर, ७,४२२ मीटरचं गणेश-१. लाँबेर, क्लोद आणि एरिक गोशा तिघे माथ्यावर पोचले, पहिली चढाई. उतरताना गोशा घसरला आणि गेला. म्हणजे हिशेब असा : साल्कांताय, नुन, गणेश, चार वर्षांत तीन मोठ्या शिखरांवरच्या पहिल्या चढायांत ही बाई आहे. अशी यादी त्या काळातल्या किती पुरुषांची होती, ते एकदा मोजून बघायला हरकत नाही.

गणेशच्याच वर्षी मोनिका जॅक्सन, बेटी स्टार्क आणि एव्हलिन कॅमरास या तिघी स्कॉटलंडहून नेपाळातल्या जुगल हिमालमध्ये आल्या. हिमालयातली ती पहिली फक्त बायकांची मोहीम. फार गाजावाजा न करता, शेर्पांबरोबर त्या ६,७०० मीटरचं एक नवं शिखर करून परत गेल्या. बायकांनी स्वतःची मोहीम काढायची, स्वतः निर्णय घ्यायचे, ही गोष्ट आता हवेत होती. क्लोदने ती थेट आठ हजारांवर न्यायचं ठरवलं, आणि डोंगर निवडला चो ओयू, ८,१८८ मीटर. वाट तिला माहीत होती आणि तिथे तिचं काम अर्धं राहिलं होतं.

१९५९ च्या मोहिमेत बारा जणी होत्या. फ्रान्समधून क्लोदखेरीज ज्यान फ्रांको, मिशेलिन राँबो आणि डॉक्टर कोलेत ल ब्रे. इंग्लंडकडून आयलीन हीली, मार्गारेट डार्व्हाल आणि काउंटेस डोरोथिया ग्राविना. स्वित्झर्लंडची लुलू बुलाझ, जिने १९३५ मध्ये लाँबेरबरोबर आल्प्समधल्या ग्रांद जोरासच्या उत्तर कड्यावर दुसरी चढाई केली होती. बेल्जियमची क्लोदिन व्हान डेर स्ट्राटेन. आणि दार्जिलिंगहून तिघी : तेनसिंगांच्या मुली पेम पेम आणि निमा, आणि भाची डोमा.

ते वर्षही साधं नव्हतं. मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले. चो ओयूची सोपी बाजू नांगपा ला खिंडीपलीकडे तिबेटच्या अंगाला आहे. १९५२ मध्ये एरिक शिप्टनची मोहीम याच चिनी सैनिकांच्या धास्तीने तिथे नीट तळ टाकायला कचरली होती. १९५९ मध्ये तर धास्तीला कारण होतं.

सप्टेंबर संपता संपता चढाईने वेग घेतला. क्लोद, क्लोदिन आणि आंग नोर्बू शेर्पा चौथ्या कॅम्पवर पोचले, सुमारे सात हजार मीटरवर. तिथून माथ्याचा प्रयत्न करायचा होता. मग हवा फिरली. अवेळी उबदार झालेली हवा आणि एकसारखं पडणारं बर्फ, हे दोन्ही एकत्र आलं की उतारावरचा थर आपल्याच वजनाने सुटतो. तंबूत बसून फक्त आवाज ऐकत राहायचं, कारण बाहेर पडलं तरी धोका आणि आत राहिलं तरी. ऑक्टोबर लागताच सरदार वांगदी आणि छोवांग शेर्पा वरच्यांना खाली आणायला निघाले. वाटेत हिमस्खलनाने दोघांना गाडलं. वांगदी कसाबसा बाहेर आला आणि हिमदंश झालेल्या हातांनी खाली उतरून त्याने खबर दिली. छोवांग गेला. चौथा कॅम्प त्यातल्या तिघांसह बर्फाने नेला. क्लोद चाळीस वर्षांची होती.

मोहिमेच्या मागावर लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’चा बातमीदार स्टीफन हार्पर होता. बारा बायका आठहजारी शिखरावर निघाल्यात, ही बातमी वाचकांना गोड लागणारच होती. मृत्यूंनंतर सूर बदलला. हार्परने पुढे पुस्तक लिहिलं आणि त्याचा निष्कर्ष असा की कितीही काटक आणि धीट असली तरी वादळात आणि हिमस्खलनात बाई अबलाच ठरते. हिमस्खलनाला समोर बाई आहे की बुवा हे कळतं, असा नवाच शोध म्हणायचा.

हे किती पोकळ आहे ते त्याच डोंगरावरून दिसतं. आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, मुंबईचे केकी बनशा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मोहीम चो ओयूवर गेली होती. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य मेजर नंदू जयाल, नुनवर क्लोदबरोबर असलेल्या नलनींच्याच घराण्यातले, मागून निघाले आणि चमूला गाठायला घाईने वर चढले. उंचीचा त्रास होऊन ते एप्रिलअखेरीस वरच वारले. त्यानंतर १५ मे रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा माथ्यावर पोचले. जयालांच्या मृत्यूनंतर पुरुषांनी डोंगरात जाऊ नये असं कुणी लिहिलं नाही. १९३७ मध्ये नांगा पर्वतावर एका रात्रीत सात जर्मन आणि नऊ शेर्पा हिमस्खलनाखाली गेले, तेव्हाही लिहिलं नाही. पुरुष मेला की हवामान, नशीब, एखादा चुकलेला निर्णय. बाई मेली की बाईपण.

क्लोदचा निर्णय बरोबर होता का, हा प्रश्न विचारायला हवाच. बर्फ पडायला लागल्यावर चौथा कॅम्प लगेच सोडायला हवा होता असं म्हणता येतं. १९५४ ची अर्धी राहिलेली चढाई तिला वर खेचत होती असंही म्हणता येतं. आणि तिच्या निर्णयाची किंमत आंग नोर्बू आणि छोवांग यांनीही मोजली, त्यांना शिखराचं वेड नव्हतं, पोटाचा धंदा होता. तिचा सन्मान करताना ही दोन नावं गाळली तर आपणही हार्परच्याच रांगेत बसू, फक्त दुसऱ्या टोकाला. पण हा हिशेब मोहीमप्रमुखाचा आहे. टिचीला, लाँबेरला, बनशांना जो लावायचा तोच.

मोहिमेतल्या बाकीच्यांनी त्यावर काय केलं? डोरोथिया ग्राविनाने क्लोदनंतर सूत्रं हाती घेऊन सगळ्यांना खाली आणलं, आणि १९६२ मध्ये ती पुन्हा नेपाळात आली, पश्चिमेकडच्या जगदुला भागात, बायकांचीच मोहीम घेऊन. आठ हजारांवर पहिल्यांदा बायका पोचायला १९७४ उजाडलं. ४ मे रोजी जपानच्या नाओको नाकासेको, मासाको उचिदा आणि मिएको मोरी मनास्लूवर गेल्या. १९७८ मध्ये अर्लीन ब्लमच्या अमेरिकन मोहिमेतून आयरीन मिलर आणि व्हेरा कोमारकोव्हा अन्नपूर्णेवर पोचल्या. त्याही मोहिमेत दोघी दगावल्या आणि त्याही वेळी जुनेच सूर निघाले, जरा दबक्या आवाजात. अन्नपूर्णेवर पहिली भारतीय बाई पोचली ती २०२१ मध्ये, साताऱ्याची प्रियांका मोहिते.

चो ओयूवर बाई पोचली ती मे १९८४ मध्ये : तीच कोमारकोव्हा, आणि तिच्याबरोबर दिना श्टेर्बोवा. १३ मेची ती चढाई. बरोबर दहा दिवसांनी, २३ मे रोजी, बचेंद्री पाल एव्हरेस्टवर होत्या, आणि आपल्याकडच्या मुलींसाठी गिर्यारोहणाचा इतिहास बहुधा त्या तारखेपासून सुरू होतो.

खरं तर पंचवीस वर्षं मागे जायला हवं. आठहजारी शिखरावरच्या बायकांच्या त्या पहिल्या मोठ्या मोहिमेत बारापैकी तिघी दार्जिलिंगच्या होत्या, तेनसिंगांच्या घरातल्या. क्लोदला निदान फ्रेंच नियतकालिकांत जागा मिळाली. पेम पेम, निमा आणि डोमा यांची नावं मोहिमेच्या यादीपलीकडे फारशी गेली नाहीत. पेम पेमचा मुलगा ताशी १९९७ मध्ये एव्हरेस्ट चढला, तेव्हा तेनसिंगांचा नातू म्हणून त्याच्या बातम्या जगभर झाल्या. त्याची आई अडतीस वर्षांपूर्वी चो ओयूच्या मोहिमेत होती, हे मात्र बहुतेकांना ठाऊकही नव्हतं.